खुंटीवरचा देव

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
हायव्होल्टेज लाइनवाल्यांनी माझ्या विहिरीजवळच्या कपाशीत टॉवरच्या जागेची खूण म्हणून खुंटी ठोकली. मला न विचारता! अख्ख्या शिरूर कासारात राधाकिशनला न विचारता काही होत न्हाई, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत न्हाई. उद्या मोर्चा.

४ ऑक्टोबर
मोर्चा कॅन्सल. हजर: मी, आश्रुबा तात्या, तात्याची शेळी. बाकी गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या तयारीत. लोकांना मोठ्या प्रश्नांचं काही पडलेलंच न्हाई.

७ ऑक्टोबर, भरदुपारी
आयडिया! गाव झोपलेलं असताना खुंटीजवळ दगड मांडला, शेंदूर फासला, वर लिंबू. आता देवावर टॉवर उभा करून दाखवाच! दगड आमच्याच न्हाणीतला, धुण्याचा. विजयमालाला बोललो न्हाई. बायकांच्या पोटात काही राहत न्हाई.

९ ऑक्टोबर
विजयमाला दगड शोधतीय. संशय शेजारच्या वत्सलाबाईवर. दोघींचं बोलणं बंद. मी दोघींना गुण्यागोविंदानं राहायला सांगितलं.

१२ ऑक्टोबर
तात्या सांगत फिरतोय, हा देव त्यानं लहानपणी बघितलता, लई कडक हाय. मी मान डोलावली.

२५ ऑक्टोबर
टोळ्या उसाला निघाल्या. ट्रॅक्टर थांबवून सगळ्यांनी नारळ फोडले, नवस बोलले. कपाशी तुडवून पायवाट पडली. असू दे, धोरण म्हटलं की थोडं नुकसान आलंच.

२८ ऑक्टोबर
जिंकलो! लाइनवाले साहेब आले, बूट काढून पाया पडले. म्हणाले, खुंटी सरकवतो. कुठं, ते विचारलं न्हाई. जिंकलेल्या माणसानं फार चौकशा करू नयेत.

३ नोव्हेंबर
सरकवली. माझ्याच रोडकडच्या प्लॉटात! तिथं बंगला बांधायचा, असा लग्नापासून विजयमालाला शब्द दिलाय. तारांखाली घर बांधता येत न्हाई म्हणे.
धावत जाऊन साहेबाला खरं सांगितलं, तो धुण्याचा दगड हाय. साहेब कानाला हात लावून म्हणाले, असं बोलू नये. तात्या काठी घेऊन अंगावर आला. तेवढ्यात उसाच्या फडावरून टोळीतल्या अंगदचा फोन. मुलगी झाली, नवस फेडायला येतोय, तोवर देवाला जपा म्हणाला.
मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

५ नोव्हेंबर
विजयमाला नारळ घेऊन देवाला गेली. मागं मागं मी. दगडाचा एक कोपरा उडालेला, गोधडी आपटताना तिच्याच हातनं. त्यावरून तिनं बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं. मग गपगुमान पाया पडली. तात्यासमोर एक शब्द काढला न्हाई.
घरी आल्यावर म्हणाली, बंगला गेला ते गेला, आता वत्सलाबाईची माफी मागून या, आन मला धुवायला दगड आणा.
लई वाईट वाटलं. तिचं तोंड बघवंना.

६ नोव्हेंबर
माफी मागितली. नवा दगड आणला. न्हाणीत ठेवायच्या आधी विजयमालानं शेंदराची डबी पेटीत घालून कुलूप लावलं.