ग्रुपचा आवाज

बमरोली, सुरत

ती. वहिनींना सुकदेवचा नमस्कार.

आबांना पोचवायला सख्खा भाऊ आला नाही, म्हणून तुम्ही रागावला असाल. मला त्या दिवशी कळलंच नाही हो. दहाव्याला येतोच आहे, पण समोर बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहितो.

भावकीच्या ग्रुपवर दिवसभर फुलं आणि शुभ सकाळ येत राहतं. मीच आमच्या विलासला सांगून त्याचा आवाज बंद करवला होता. दोन दिवसांनी सहज उघडलं, तर आबांचा फोटो. खाली सगळ्यांनी रडकी तोंडं लावलेली. फोन मात्र एकानेही केला नाही. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, अशी आता रीत झाली. सरकारही तसंच. रेशन असो की पेन्शन, मोबाईलवर बघा म्हणतं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

शेवटी आबांनी माझी आठवण काढली का?

माझी तब्येत बरी आहे. तुम्ही दोन घास खाता ना?

पूर्वी अशा बातमीचं कार्ड दारातच वाचून फाडायचे, घरात ठेवत नसत. मी सुनेला म्हटलं, "सरिता, हे पुसून टाक बाई."

ती म्हणाली, "मामा, फोटोपण जाईल. दुसरा आहे का आपल्याकडे?"

नव्हता. मग राहू दिला.

ग्रुपचा आवाज आता चालू ठेवलाय. वाजला की काळजात धस्स होतं. उघडून बघतो, तर फुलं असतात.

तुमचा दीर,
सुकदेव