थरथर हातात का सीटखाली

अण्णा, आज तुमच्या जागेवर बसून मी मोठा मूर्खपणा केला. सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच शाळेतल्या एक बाई आल्या. परवाच मी त्यांच्या गाडीची पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली होती. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई. "भाऊ, चाकं बदलल्यापासून साठच्या पुढं गाडी थरथरायलीय," बाई म्हणाल्या. मी उठलोसुद्धा नाही. "बाई, आपल्याकडचे रस्ते हायत, थरथरणारच की," म्हणालो. दोष रस्त्यावर ढकलला की या जिल्ह्यात कुणी वाद घालत नाही. त्या चारठाण्याकडे निघून गेल्या.

त्या गेल्या आणि माझं बूड काही खुर्चीवर टिकेना. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं, "थरथर हातात लागायली का सीटखाली?" हातात असली तर पुढची चाकं, सीटखाली असली तर मागची. पाठ आहे मला, तरी विचारलं नाही. आणि खड्डा काय साठचा काटा बघून हादरे देतो? परवाचं आठवायला लागलो. चौथं चाक बसवताना फोन आला होता. नट बोटांनी लावले, जॅक उतरवला, इथवर दिसतं. पान्यानं आवळल्याचं काही केल्या दिसत नाही. तुम्ही एकदा पहिला घास ताटात ठेवून चुलीपुढून उठला होतात. एक चाक आवळलं की नाही ते ध्यानात येईना, म्हणून सायकल हाणत गिऱ्हाइकाच्या घरी गेलात. चाक घट्टच होतं. गार भाकरी खाताना आई तुम्हाला बोलत होती, मी हसलो. "हसायलास? गाडीत माणसं बसत्यात," एवढंच म्हणालात तुम्ही.

बाई फोन उचलेनात. शटर ओढलं, मोटारसायकल काढली. रस्त्याच्या कडेला काहीही उभं दिसलं की वेग कमी करून बघत होतो. चारठाण्याच्या अलीकडे लिंबाखाली त्यांची गाडी दिसली. "हातात लय हादरायलं, म्हणून थांबले," बाई म्हणाल्या. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरले, अण्णा. चाक काढलं तर रिमच्या मागं वाळलेला चिखल तसाच, म्हणून चाक नीट टेकलंच नव्हतं. तो पुसला, समोरासमोरचे नट आवळले, चाक टेकवून पुन्हा आवळले.

म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "देवासारखा धावून आलास रं लेकरा." बाई म्हणाल्या, "हादऱ्यानं ढिले झाले असतील, न्हाई का?" मी मान डोलावली. लाज वाटते लिहितानासुद्धा. उद्या परतताना नट तपासून घ्यायला या, असं त्यांना सांगितलंय.

उद्या त्यांना सगळं खरं सांगेन, असं इथं लिहिणार होतो. हा कागद कुठं पाठवायचा नाही, मग तुमच्याशी तरी खोटं कशाला बोलू? उद्या दुकानावर बसायला मी धाकट्या भावाला बोलावलंय.