जावईबापूंचं दुकान नावाचा केक

अगं,

विनोदाने माणसं जोडली जातात, असं मी तीस वर्षं वर्तमानपत्रात लिहीत आलो. काल मात्र लेक-जावयाला भरल्या ताटावरून उठवलं.

सणाच्या सुट्टीत नवे पदार्थ करून त्यांना गमतीची नावं द्यायचा हट्ट तुझाच. 'विहीणबाईंचा टोमणा' ही झणझणीत चटणी विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली. वर म्हणाल्या, "टोमणा जरा मवाळच झालाय हो."

मग मला चेव चढला. 'जावईबापूंचं दुकान' हा केक ओव्हनमध्ये टम्म फुगतो आणि बाहेर काढला की खचतो, असं सगळ्यांना समजावून सांगितलं. तू दारातून दोन्ही हात हलवत होतीस. मला वाटलं, दाद देतेयस.

दुकान महिन्यापूर्वीच बंद पडलंय, हे तुम्हा मायलेकींना ठाऊक होतं. मलाच तेवढं सांगायला काय झालं होतं? जाता जाता लेक म्हणाली, "तुम्ही चेष्टा कराल म्हणून नाही सांगितलं, बाबा."

 रात्रभर जागाच होतो.

तू उठायच्या आत त्यांच्याकडे निघालोय. सरळ माफी मागेन. जावई आलाच, तर दुपारी जेवायला घेऊन येतो.

तोवर भात लावून ठेव. नुसता भात, बिननावाचा.