चोबेईच्या धुक्यात बोटीचा दिवा

हाचिनोहे बंदर,
चेरीच्या कळ्या अजून मिटलेल्या

तीर्थरूप तादानोबू दादास,
धाकट्या हिसायोचा कमरेतून पूर्ण वाकून नमस्कार.

तुमच्या सेंदाईत चेरी फुलून गळायलाही लागली असेल. आमच्याकडे कळ्या मुठी आवळून बसल्यात, आणि कुरव पक्ष्यांना मात्र अंडी घालायची इतकी घाई की बेटाजवळून जाताना छत्री उघडून चालावं लागतं (पावसासाठी नव्हे, हे तुला सांगायला नको). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? आल्याचा रस मधातून द्यायला सांगितला होता, तो दिलास, की अजून त्यावर पुस्तक शोधतो आहेस? मी ठणठणीत आहे. ऋतूचं झालं, तब्येतीचं झालं, वाकून नमस्कारही करून झाला. आता भांडायला हरकत नाही.

तुझं पत्र मिळालं. हेडमास्तर निवृत्त होतो पण त्याची लाल शाई निवृत्त होत नाही, हे वाचताना पटलं. त्यात ओळीआड "घराण्याचं नाव" येतं. दादा, आपलं घराणं म्हणजे बाबांचं टोफूचं दुकान. त्या नावाला धक्का लागायचा तो बाबांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःचंच नाव चुकीचं रंगवून घेतलं तेव्हाच लागला. नागिसानं तुला फोनवर सांगितलं म्हणे, की आईला सिनेमाच्या थिएटरातून हाकललं. माझी पोटची पोर, पण सांगताना मीठमसाला घालते. मला कोणीही हाकललेलं नाही. मला अत्यंत आदरानं, माझी चप्पल आणि पिशवी हातात घेऊन, ऑफिसात नेऊन चहा पाजला. तेवढ्यात सिनेमा संपला, ही गोष्ट वेगळी.

पण मुळापासून सांगते, कारण तू अर्धवट ऐकून निकाल देतोस. दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर चोबेई लागतो, हे तुला माहीत आहे (किती चांगलं माहीत आहे, त्यावर मी नंतर येणार आहे). निळा पंचा गळ्यात बांधलेलं पाणमांजर, नदीकाठच्या गावात राहतं, रोज कुणाचं तरी काहीतरी हरवतं आणि हा ते बुडी मारून शोधून आणतो. नागिसा पाळण्यात होती तेव्हापासून चालू आहे. आणि दर वसंतात, शाळांना सुट्टी लागली की, त्याचा एक मोठा सिनेमा येतो. रविवारच्या भागात चोबेई गावाबाहेर जात नाही, सिनेमात मात्र तो ढगांत जातो, समुद्राच्या तळाशी जातो, एकदा तर एका महाकाय भोपळ्याच्या पोटात गेला होता. पहिल्या सिनेमापासून एकही मी चुकवलेला नाही. आधी नागिसाला घेऊन गेले, मग तिच्या चिहोला घेऊन. दोन्ही वेळा बरोबर आमचे हे. बोटीवर रात्रभर माकुल मासे पकडून आलेला माणूस, थिएटरची खुर्ची मऊ लागली की नाव पडद्यावर यायच्या आत झोपायचा. घरी चालत येताना विचारायचे, "हिसायो, शेवटी काय झालं गं?" आणि मी सगळं सांगायची. बंदरापासून घरापर्यंतचा चढ त्यात कधी संपायचा कळायचं नाही.

आता चिहोला चोबेईची लाज वाटते. "आजी, वर्गातलं कुणी बघितलं तर मी मेले," म्हणाली. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. त्यावर नागिसाचा चेहरा असा झाला, की जणू मी माकुल पकडायला एकटी निघाले आहे. "आई, तो लहान मुलांचा सिनेमा आहे." लहान मुलांचा म्हणजे काय? तो लहान मुलांनी काढलाय का? ती चित्रं काढणारे, पाठ मोडेपर्यंत कागदावर वाकून चोबेईची मिशी रंगवणारे, ते सगळे चष्मेवाले बापे आहेत. चोबेईचा आवाज देणारी बाई माझ्याहून मोठी आहे. सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून केलेला सिनेमा एका म्हातारीनं बघितला तर कुणाचं घोडं अडलं?

तर मी गेले. आता नीट वाच, गुन्हा इथून सुरू होतो. या सिनेमांचा रिवाज असा, की दाराशी प्रत्येक मुलाला एक चिमुकला दिवा देतात, अंगठ्याएवढा. सिनेमात चोबेई हमखास कुठेतरी अडकतो, मग वळून थेट आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, मला वाट दिसत नाही, तुमचा उजेड द्या. तेव्हा सगळी पोरं दिवे हलवतात, आणि चोबेईला बळ येतं. इतकी वर्षं नागिसाचा, नंतर चिहोचा दिवा मी हलवत आले (पोरींचे हात दुखायचे, माझे नाही). यंदा दारातली मुलगी मला बघून वाकली आणि म्हणाली, "क्षमा असावी, दिवा फक्त शाळकरी मुलांसाठी आहे." मीही वाकले. ती आणखी वाकली. मागे रांग तुंबली होती, म्हणून मी आत गेले. पण मनात म्हटलं, बाई गं, तुझं चोबेईवर खरंच प्रेम असतं, तर हाताला येईल तेवढा उजेड तू गोळा केला असतास.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले आणि स्वतःचा दिवा घेऊन गेले. पहिल्या वेळी शेवट बघितला नाहीस का, असं तू विचारशील. नाही बघितला. चोबेईनं उजेड मागितला आणि माझे दोन्ही हात रिकामे मांडीवर, हे मला सहन होईना, म्हणून उठून बाहेर आले. रागानं आले. तर दिवा. घरात दिवा म्हणून एकच शोभण्यासारखा होता, ह्यांचा. बोटीवरचा हातदिवा, तुटलेली दोरी रात्री समुद्रात शोधायला वापरायचे तो. बोट विकली तेव्हा बाकी सगळं दिलं, तो दिला नाही. फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला, वर दाखवायला दोन संत्री ठेवली.

यंदाचा खलनायक धुकेराज. सगळी नदी धुक्यानं भरून टाकतो, चोबेईची होडी गोल गोल फिरते. पोरं रडकुंडीला आली होती. चोबेई वळला, आमच्याकडे बघून म्हणाला, उजेड द्या. अंधारात काजव्यांएवढे दिवे हलायला लागले. आणि मी बटण दाबलं.

दादा, त्या दिव्याची ताकद मी विसरले होते. ती वस्तू घरात कधी लावलीच नव्हती. पडदा पांढराफटक झाला. धुकं गेलं, नदी गेली, धुकेराज गेला, चोबेईही गेला. आणि सगळं थिएटर किंचाळलं. आनंदानं! पोरांना वाटलं, हे सिनेमातच आहे. खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या शेजारची बोबडी चिमुरडी माझा हात धरून म्हणाली, "आजी, तू त्याला हलवलंस!" आणि मी खरंच हरवलं होतं. इतक्या वर्षांत कुठल्याही खलनायकाची इतक्या झटपट वाट लागलेली मी पाहिलेली नाही. (बटण बंद होत नव्हतं, ते समुद्राच्या मिठानं गंजलंय. मी ते मुद्दाम लावून ठेवलं, असं नागिसा म्हणाली असेल तर ते खोटं आहे. पहिली दोन मिनिटं सोडून.)

मॅनेजर हातायामा धावत आला. पोरगेला आहे, टाय वाकडा, घाम फुटलेला. ओरडला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण तो वाकला. "आजी, आपली गैरसोय होते आहे, याबद्दल मनापासून क्षमा मागतो." गैरसोय माझी! मग मी वाकले. मागच्या रांगेतल्या आया वाकल्या, कारण त्यांची पोरं खुर्चीवर उभी होती. दिवा माझ्या हातात, त्यामुळे मी वाकले की उजेड जमिनीवर आणि सरळ झाले की पडद्यावर. शेवटी त्यानं स्वतःचा कोट दिव्यावर टाकला आणि मला ऑफिसात नेलं. भिंतीपलीकडे चोबेईचं गाणं लागलेलं ऐकू येत होतं, म्हणजे शेवट चालू होता, आणि मी तांदळाच्या कुरकुरीत पापड्या खात बसले होते.

त्यानं एकच विचारलं, पुन्हा असं होणार नाही ना? मी म्हटलं, झालं त्याबद्दल क्षमा मागते, पण पुढचं मी काय सांगू? चोबेईनं मागितला तर? तो म्हणाला, मग मला तुम्हाला आत सोडता येणार नाही. असं म्हणून पुन्हा वाकला.

नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी क्षमेची भेट म्हणून मी सुकवलेल्या माकुलांचं पुडकं घेऊन गेले. संध्याकाळी तो आमच्या दारात, मिठाईची पेटी घेऊन, परतभेट म्हणून. परतभेट फार महाग वाटली, म्हणून सकाळी मी मुळ्याचं लोणचं नेलं. त्यानं सफरचंदं आणली. आठवडाभर आम्ही दोघं चढाच्या मध्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एकमेकांना भेटतो आणि वाकतो. मुद्द्याचं बोलायला दोघांचेही हात मोकळे नसतात. शेजारची मासेवाली ओकुयामाबाई म्हणाली, "अहो, मी सांगते की शेवट, आमची नात बघून आलीय, शेवटी तो धुकेराज ना..." मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि गाणं म्हणत घरी आले. नागिसा म्हणते, हिवाळ्याआधी डिस्क निघेल, घरी बघ.

हिवाळ्यापर्यंत थांबायचं? दादा, मी काय सांगू त्यांना? रोज सकाळी देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे गरम भात ठेवते आणि घंटा वाजवते. सिनेमाला गेले त्या दिवशीच सगळं सांगायला बसले. होडीपर्यंत सांगितलं, धुक्यापर्यंत सांगितलं, आणि पुढे माझ्याकडे काही नाही. आता भात ठेवते आणि पटकन उठते, कारण ते विचारतील. जेवण वाढायला उशीर झाला तर ताटावर काड्या वाजवणारा माणूस, हिवाळ्यापर्यंत थांबेल? गेल्या शरदात त्यांना माती दिली, पण त्यांची सवय मी मातीत घातलेली नाही. एकही शेवट मी त्यांना कधी बुडवलेला नाही. यंदाचाही बुडवणार नाही. मग ते थिएटर मला पोलिसात देवो, की तू मला घराण्याच्या नावातून काढून टाको.

नागिसाला सांग, आईनं लाज सोडलीय. खरं आहे. लाज सांभाळायला घरात आता कुणी नाही, एकटीला तिचं ओझं होतं.

वहिनींना नमस्कार. त्यांना आल्याचा रस दे, पुस्तक बंद कर.

कधीही माफी न मागणारी,
तुझी हिसायो

ता.क. परवा चढावर हातायामाच्या हातात काही नव्हतं, तेव्हा मी संधी साधली. तो म्हणाला, घरातलं कुणी जबाबदार वडीलधारं माणूस बरोबर बसणार असेल, तर आजी, रविवारचा शेवटचा खेळ बघा. मी तुझं नाव सांगितलं. निवृत्त हेडमास्तर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकीट काढलेलं आहे. सकाळची पहिली बुलेट ट्रेन पकड. जेवायला सेम्बेईच्या पापड्या घातलेलं सार करते.

ता.क. नाही म्हणायचा विचार करत असशील. ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला, भटजींचं पठण चालू असताना, तू "जरा पाणी पितो" म्हणून मागच्या खोलीत गेला होतास. मी चहा घेऊन आले. तू टीव्हीसमोर मांडी घालून बसला होतास आणि हळू आवाजात म्हणत होतास, "अरे चोबेई, मागे बघ, मागे!" हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

ता.क. दिवा देव्हाऱ्यात परत ठेवलाय, त्यातली बॅटरी काढून. त्या दिवशी ऑफिसाबाहेर ती चिमुरडी थांबली होती. तिनं आपला अंगठ्याएवढा दिवा माझ्या हातात दिला आणि पळाली. रविवारी तो आणते. तुला दाराशी मिळणार नाही, तू शाळकरी नाहीस. पण चोबेईनं मागितला की दोघं मिळून हलवू, लाजू नकोस.

ता.क. शेवटी एक सांगायचं राहिलं. शेवटाला दर वर्षी माझे डोळे इतके भरून येतात की मला पडदा दिसत नाही. एकही शेवट मी धड बघितलेला नाही. चढावर मी ह्यांना अंदाजानं काहीतरी सांगायची, आणि ते म्हणायचे, "छे, असं नाही झालं, होडी परत आली ना?" झोपलेल्या माणसाला कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही. म्हणून दादा, रविवारी तू डोळे उघडे ठेव. मी चुकले तर मला चूक म्हणणारं कुणीतरी हवं आहे.