दंतवैद्याची होडी

बिझर्त, ३ मार्च १९९७

प्रिय बेय्या हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझे पत्र आणि ऑलिव्हच्या तेलाचा डबा सुखरूप पोहोचले. सलूहाच्या पश्चात तू माझ्यासाठी तुमच्या घरातील वरची खोली रंगवून घेतलीस, याबद्दल मी ऋणी आहे. तथापि एक गोष्ट तुझ्या कानावर घालणे कर्तव्य समजतो. मी शिडाची एक जुनी होडी विकत घेण्याच्या विचारात आहे.

जुन्या बंदरात निळ्या पट्ट्याची जी उभी असते, तीच. शुक्रवारी फिरायला गेलो की तुझी बहीण सलूहा तिला सलाम करूनच पुढे जात असे. सध्या ती डॉ. ताहा या दंतवैद्यांच्या मालकीची आहे. तिचे अंग फायबरचे आहे, परंतु भरीव नव्हे. फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचे सारण आहे. त्यामुळे होडी हलकी आणि तरीही ताठ राहते. सारणात पाणी शिरल्यास मात्र लाकूड आतल्या आत कुजते, आणि बाहेरचा रंग तसाच चमकत राहतो.

कारण विचारशील. घरातील प्रत्येक खोलीत सलूहाची एक जागा रिकामी आहे. होडीत ती कधी बसलीच नाही.

सी फ्राज नावाचे तपासनीस होडी पाहणार आहेत. अंग कुजले आहे असे ते म्हणाले, तर मी मुकाट्याने स्फाक्सला तुमच्याकडे राहायला येईन. हा माझा शब्द.

आजवरच्या लोभात खंड पडू नये.
तुझा,
शाझली


स्फाक्स, ९ मार्च

ती. भावोजींना बेय्याचा सलाम,

अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? केर्केन्ना बेटावर जाणाऱ्या बोटीत ताई पिशवीत तोंड खुपसून बसली होती आणि तुम्ही तिला लाटांचं गणित समजावत होतात. तुम्हाला पोहता तरी येतं का? आमचे हे, नूरी, म्हणतात की या वयात लोक हजला जातात आणि आपले प्राध्यापक शिडाला लोंबकळणार! आणि दंतवैद्याकडून दात घ्यावा हो, होडी कसली घेताय?

शब्द दिलात ते बरं केलंत. त्या तपासनिसाला घारीची नजर मिळो, अशी रोज दुआ मागतेय. खोलीला पडदेसुद्धा लावलेत.

आणि समजा घेतलीतच, तर आईच्या दारावरचा तो चांदीचा पंजा, ताई लग्नात घेऊन गेली तो, पुढच्या टोकावर ठोकायचा. नजर काय नुसती घरांनाच लागते?

जेवत जा वेळेवर. माया आहेच, रागही आहे.
बेय्या


बिझर्त, २१ मार्च

प्रिय बेय्या हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल होडी पाण्याबाहेर काढली. सी फ्राज यांनी छोट्या हातोडीने तिचे सर्व अंग ठोकून पाहिले. निकोप जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो. कुजलेल्या जागी ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्यांच्या मागोमाग मीही सलूहाच्या लाकडी मुसळीने पडताळणी करीत होतो. शेजारच्या होडीवरून कोणीतरी विचारले, की प्राध्यापक, धणे कुटताय का लसूण? मी ठोकतच राहिलो.

नाळेपाशी, म्हणजे अगदी पुढे, आवाज एकदम बसला. तेथे नजर लागू नये म्हणून डॉ. ताहा यांनी स्क्रू मारून एक पितळी मासा बसविला आहे. भोकांच्या कडा त्यांनी बुजविल्याच नाहीत. त्यांतून पाणी सारणात शिरले. सी फ्राज त्यांना म्हणाले, अहो डॉक्टर, दाढ पोखरून न भरताच पेशंटला घरी पाठवता का? डॉक्टर उसळून म्हणाले, दाढेला कोण नजर लावतंय? सगळा धक्का हसला. मीही हसलो, असे सी फ्राज यांचे म्हणणे आहे.

ताटाएवढा भाग कुजला आहे. तो कापून नवे सारण भरता येते. बाकी अंग उत्तम आहे. तरीही कुजले आहे हा शब्द त्यांनी उच्चारला, हे मी नाकारू शकत नाही. वचन तुला दिले होते. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकारही तुझाच. ये म्हणालीस तर पुढच्या आठवड्यात सामान बांधतो.

निर्णय काहीही होवो, लोभ त्यावर अवलंबून नसावा.
तुझा,
शाझली


स्फाक्स, २७ मार्च

ती. भावोजींना सलाम,

म्हणजे मी जिंकले! यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. धणे का लसूण ऐकून हे खो खो हसले, आणि मी मात्र तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले. ताई गेल्यापासून तुमची पत्रं म्हणजे नुसती सरकारी परिपत्रकं. या पत्रात तुम्ही हसलात. ते त्या फ्राजच्या गळ्यात घालू नका, तुम्हीच हसलात.

तेव्हा कळवते, की वरच्या खोलीत मी ऑलिव्हच्या बरण्या भरून ठेवल्यात. तुम्हाला तिथं जागा नाही. पडदे काढून पाठवतेय, होडीच्या खिडक्यांना होतील.

पंजा मात्र लावायचाच. आणि एक जरी भोक पाडलंत, तर मी स्वतः येऊन ते तुमच्या डोक्याला पाडीन! ताई बाहेर जाताना पांघरायची त्या रेशमी सफसारीची किनार फाडा आणि तिनं बांधा. ती काही म्हणणार नाही.

तुमची, हरलेली,
बेय्या


बिझर्त, २ जून

प्रिय बेय्या हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

होडी दुरुस्त होऊन पाण्यात उतरली. पडदे आखूड पडले, तरी लावले आहेत. काल सी फ्राज यांच्यासह प्रथमच धक्का सोडला. डॉ. ताहा काठावरून ओरडून सूचना देत होते. वाऱ्यामुळे सुदैवाने एकही ऐकू आली नाही. पोहण्याच्या वर्गात नाव घातले आहे. वर्गातील इतर विद्यार्थी माझ्या कमरेएवढे आहेत. उन्हाळ्यात नूरींसह अवश्य ये, पिशवी आणावी.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पंजा नाळेवरच्या कठड्याला सफसारीच्या किनारीने बांधला आहे. होडी हलली की तो तिच्या अंगावर टकटक करतो. सलूहा ठोकून पाहते, असे मी म्हणणार नाही. मी आयुष्यभर गणित शिकविले आहे. प्रत्येक ठोक्याला आवाज टणक आणि स्वच्छ येतो, एवढेच नमूद करतो. होडी आतून पूर्ण कोरडी आहे.

स्वतःविषयी तसे प्रमाणपत्र मला देता येत नाही.

बरण्यांच्या आड का होईना, तुझ्या घरी माझ्यासाठी थोडी जागा असू दे.
तुझा,
शाझली