डब्यावरची स्पॅनिश ओळ

सोरेल, २ डिसेंबर

फेर्नां,

दादा म्हणायची सवय सुटली. तुझी प्रकृती ठीक असेल. नदी अजून गोठलेली नाही. आई कमरेच्या ऑपरेशननंतर आता काठी घेऊन चालते.

तिच्या तोंडी पाठवलेला तुझा निरोप पोचला. "सोलांजला म्हणावं, त्या कबुलीवर सही करून टाक, घरातली गोष्ट घरात राहील." म्हातारीला मध्ये घालताना लाज कशी वाटली नाही रे?

लेबलांचं खातं माझं, म्हणून चूक माझी, असंच ना? पण ते ॲसिडचे डबे मी कारखान्यातच अडवून ठेवले होते. मोरी साफ करायचं ॲसिड पाण्यात ओतायचं असतं. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. लेबलावर इंग्रजी बरोबर होतं, फ्रेंच बरोबर होतं, स्पॅनिश नेमकं उलटं. तुला दाखवलं तर तू हसलास. "शब्द तेच आहेत ना? मागेपुढे झाले म्हणून काय आभाळ कोसळतंय?" आणि मी आईपाशी दवाखान्यात बसले असताना तू माल मेक्सिकोला सोडलास. त्याच संध्याकाळी द्राक्षं घेऊन आईला बघायला आलास!

तुला ठाऊक नाही, मी मेक्सिकोत पुएब्लाला जाऊन आले. आपल्या ॲसिडनं भाजलेल्या बाईला भेटले. एउलालिया नाव तिचं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. एक डोळा गेलाय, दुसऱ्याला उजेड सोसत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसते. तुझा वकील सांगत सुटलाय की तिनं लेबल वाचलंच नसेल. मी कुठून आले ते सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मी वाचलं होतं. दोनदा वाचलं. लिहिलं होतं तस्संच केलं."

तिच्या सासूनं मला हाताला धरून बाहेर काढलं. बरंच केलं.

काल तपास अधिकाऱ्यांपुढे मी सगळं बोलले. अडवलेला माल कुणाच्या हुकमानं सुटला, तेही. नंतर आईला सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "नाताळला त्याचं ताट मांडू नकोस."

बाबांचा कारखाना तुला लखलाभ. इकडे येऊन दार ठोठावू नकोस. आई उघडणार नाही, आणि मी तर नाहीच.

तुझी म्हणवत नाही,
नुसतीच सोलांज