सात नंबरच्या उंदराची पाठ

डोंबिवली, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

सात नंबरच्या उंदराच्या पाठीवर लावलेला डुकराच्या कातडीचा तुकडा आज बोटाला कडक लागला. कालपर्यंत मऊ होता. शरीरातल्या रक्षक पेशी आपलं-परकं थायमस ग्रंथीत शिकतात, म्हणून या उंदराला आधी डुकराची थायमस बसवली होती. तरी पेशींनी कातडी परकी ठरवली. आमच्या सगळ्या उंदरांत तेवढा एकच तुकडा आजवर टिकला होता.

संध्याकाळी घरी आले तर बाबा डायलिसिसहून परतलेले. आईची किडनी जुळली नाही, माझीही नाही. वर्षभर बाबांची माझ्या कामावरून थट्टा चाललेली, "डुकराची बसवलीस तर माझ्या पिंडाला कावळा शिवेल का गं?" आज थट्टा नाही. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "चालेल मला डुकराची. विचार तुझ्या लॅबच्या मॅडमना."

डुकराची किडनी माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील. बाबांकडे तेवढी नाहीत. हे सांगायला हवं होतं. तो कडक तुकडा आठवला, तरी मी "विचारते" म्हणाले. का म्हणाले?

बाबांना पाणी मोजून द्यावं लागतं. एका जादा घोटासाठी रोज आईशी भांडण. आज जेवताना त्यांनी स्वतःच अर्धा पेला भरला आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.